कौल देवाचा, वाहिनीचा की मतदाराचा?

निवडणूक अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची असो की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीची असो, मतदान होण्याच्या आधीच निकाल सांगणाऱ्यांचे अमाप पीक येते. वृत्तवाहिन्यांवर निवडणूक पंडित बसतात, चौकातल्या टपरीवर गावपुढारी बसतात आणि पंचांग उघडून ज्योतिषीही बसतात. तिघांची भाषा वेगळी असली तरी तिघांचा दावा एकच असतो. मतदाराच्या मनात काय आहे ते मतदाराने सांगण्याआधी आम्हाला कळले आहे, असे ते छातीठोकपणे सांगतात. निकाल लागतो, भाकीत तोंडावर आपटते आणि पुढच्या निवडणुकीला हीच मंडळी त्याच खुर्च्यांवर पुन्हा येऊन बसतात. त्यांना कोणी जाब विचारत नाही.

कोकणातल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. आमच्या गावागावांत ग्रामदेवतेला कौल लावण्याची प्रथा आहे. पाषाणाला कळ्या किंवा तांदूळ लावायचे, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवीकडचे पडले की डावीकडचे, यावरून देवाचा होकार की नकार ते ठरवायचे. कौल कोणी लावायचा, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा आणि पडलेल्या कळीचा अर्थ काय घ्यायचा, हे सारे मानकऱ्यांच्या हाती. गावकुसाबाहेरच्या वाडीला त्यात शब्द नव्हता, तिने फक्त कौल मान्य करायचा होता. १९५६ साली बाबासाहेबांनी आम्हाला धम्म दिला आणि बौद्धवाड्यांनी हा कौल सोडला. परंतु निवडणूक जवळ आली की आमचेच सुशिक्षित तरुण रात्र रात्र वाहिनीसमोर बसून ‘कौल कोणाला?’ हे पाहत असतात. वर्तमानपत्रांनीही या चाचण्यांना ‘कौल’ हाच शब्द लावला आहे. ज्यांनी पाषाणाचा कौल नाकारला त्यांनी पडद्यावरचा कौल डोळे मिटून का मानावा, असा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न करमणुकीचा नाही. भाकितावरून मत बदलते, उमेदवारी बदलते, युती ठरते आणि ‘तुमचे मत वाया जाईल’ असे सांगून एका समाजाचे राजकारणच मोडीत काढता येते. म्हणून हे भाकीत कसे तयार होते, कोणाला विचारून तयार होते आणि त्याचा फायदा कोणाला होतो, हे चळवळीच्या वाचकाने एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

एक कोटी कार्डे आणि एक मोठी फजिती

निवडणुकीच्या भाकितांचे शास्त्र अमेरिकेत वाढले, तेव्हा सुरुवात तेथूनच करू. १९३६ साली तेथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. एका बाजूला फ्रँकलिन रूझवेल्ट, दुसऱ्या बाजूला अल्फ्रेड लँडन. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या प्रतिष्ठित साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने कार्डे पाठवली. त्यांतली तेवीस लाखांहून अधिक कार्डे भरून परत आली. एवढी प्रचंड चाचणी त्यापूर्वी कोणी केली नव्हती. साप्ताहिकाने जाहीर केले की लँडन मोठ्या फरकाने येणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाची अब्रू गेली आणि दोन वर्षांत ते बंदही पडले.

असे का झाले? साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते प्रामुख्याने टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात ज्याच्या घरी टेलिफोन होता आणि दारात मोटार होती, तो माणूस कोण होता हे सांगायला नको. ज्याच्या घरी चूल पेटत नव्हती त्याला कार्ड गेलेच नाही. त्यातही ज्यांनी कार्ड परत पाठवण्याची तसदी घेतली ते रूझवेल्टवर चिडलेले लोक अधिक होते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून, पण निरनिराळ्या थरांतील माणसे निवडून, रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितले. किती लोकांना विचारले यापेक्षा कोणाला विचारले हे महत्त्वाचे, हा धडा जगाने तेव्हा घेतला.

धडा घेतला खरा, पण तो टिकला नाही. १९४८ साली ट्रूमन हरणार अशी सर्वांची खात्री होती. चाचणीवाल्यांनी शेवटच्या आठवड्यांत विचारणेच बंद केले आणि ‘शिकागो ट्रिब्यून’ने तर ड्यूई जिंकल्याचा मथळा छापून टाकला. जिंकले ट्रूमन. तोच अंक हातात धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचे छायाचित्र आजही जगभर दाखवले जाते.

२०१६ साली हिलरी क्लिंटन येणार असे बहुतेकांनी सांगितले. त्यांना देशभरात सुमारे २९ लाख मते अधिक मिळालीही. पण अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट एकूण मतांवर निवडला जात नाही, तो राज्यवार निवडल्या जाणाऱ्या ५३८ निर्वाचकांच्या मतांवर निवडला जातो आणि त्यासाठी २७० चा आकडा लागतो. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ऐंशी हजारांहून कमी मतांच्या फरकाने ट्रम्प यांनी बाजी मारली. २०२४ साली आयोवा राज्यातील एका नामांकित चाचणीने कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे असल्याचे सांगितले. निकालात ट्रम्प तेथे तेरा टक्क्यांनी पुढे निघाले. पैसा, संगणक, विद्यापीठे, तज्ज्ञ असे सर्व काही हाताशी असलेल्या देशात ही अवस्था आहे.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषाला घटनादुरुस्तीने मताचा हक्क मिळाला १८७० साली, पण दक्षिणेकडील राज्यांत तो हक्क प्रत्यक्षात बजावता यावा म्हणून १९६५ सालचा मतदान हक्क कायदा व्हावा लागला. मधली जवळपास शंभर वर्षे दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मतपेटीपर्यंत पोहोचूच दिले नाही. कागदावर हक्क असणे आणि मोजणीत असणे यांतील अंतर ज्यांनी भोगले आहे, त्यांनाच चाचण्यांतील गाळलेली माणसे लवकर दिसतात.

रत्नागिरीत विचारतात कोणाला?

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. निवडणुकीच्या दिवसांत वाहिनीची गाडी येते ती रत्नागिरीच्या मारुती मंदिर चौकात, चिपळूणच्या बाजारपेठेत किंवा महामार्गावरच्या एखाद्या हॉटेलासमोर थांबते. माईक पुढे केला जातो तो दुकानदारापुढे, रिक्षावाल्यापुढे, कट्ट्यावरच्या पेन्शनरापुढे. महामार्ग सोडून घाटीची वाट उतरून एखाद्या बौद्धवाडीत, कुणबीवाडीत, कातकरी वस्तीत किंवा खाडीकाठच्या मोहल्ल्यात ही गाडी गेल्याचे आम्ही फारसे ऐकलेले नाही. चौकातल्या दहा माणसांचे बोलणे म्हणजे जिल्ह्याची हवा, असा यांचा हिशेब.

२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. कारण उघड आहे. घरटी पुरुष मुंबईला, ठाण्याला, पुण्याला कामाला. गाव राखते ती बाई. मतदार यादीतही येथे स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक आहेत. पण चौकात, टपरीवर, एस.टी. स्टँडवर ज्याला विचारले जाते तो असतो पुरुष. म्हणजे ज्या जिल्ह्यात बाईचे मत निकाल ठरवते, त्या जिल्ह्याचे भाकीत पुरुषाला विचारून केले जाते. लावणीला वाकलेल्या, काजू कारखान्यात बसलेल्या, मासळीच्या टोपल्या उचलणाऱ्या बाईला कोणी विचारले काय?

दुसरी गोष्ट आमच्या समाजाची. त्याच जनगणनेत जिल्ह्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण चार टक्क्यांच्या थोडे वर दिसते, तर बौद्धांचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास दिसते. दोन आकड्यांत एवढी तफावत का? कारण कोकणात धर्मांतर पक्के झाले. येथील कितीतरी कुटुंबांनी धर्म ‘बौद्ध’ लिहिला आणि जातीचा रकाना पुन्हा भरला नाही. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या, तरीही नोंदीतला हा फरक राहिलाच. आता एखादी चाचणी संस्था दिल्लीत बसून अनुसूचित जातींच्या टक्केवारीवरून या जिल्ह्यात ‘दलित मतदार’ किती धरायचे ते ठरवत असेल, तर आमच्यातली कितीतरी माणसे तिच्या वहीत आलेलीच नसतात. जी आली नाहीत त्यांचे मत त्यांच्या भाकितात कोठून येणार?

तिसरी गोष्ट चाकरमान्याची. त्याचे घर येथे, पोट तेथे. नाव गावच्या यादीत आहे की मुंबईच्या, हे बऱ्याचदा त्यालाच मतदानाच्या दिवशी कळते. उमेदवाराने गाड्या सोडल्या तर तो गावी येऊन मत देतो, नाही सोडल्या तर राहतो. सुट्टी मिळाली तर येतो, रजा कापली जाणार असेल तर येत नाही. त्याचे मन कोणीकडे आहे हे चाचणीला कळले तरी त्याचे पाऊल मतदान केंद्रापर्यंत पोहोचेल की नाही हे कळत नाही, आणि मन कितीही पक्के असले तरी मोजणीत येते ते फक्त पोहोचलेल्याचे मत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत कमी बोलली जाते. ती आहे भीती. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्र आल्यापासून केंद्रनिहाय आकडे उघड होतात. कोकणातले मतदान केंद्र म्हणजे दोन-चार वाड्या. कोणत्या वाडीने कोणाला मत दिले याचा अंदाज निकालाच्या संध्याकाळीच गावपुढाऱ्याला येतो. मग पाखाडीचा रस्ता, नळपाणी योजना, समाजमंदिराचा निधी, रोजगार हमीचे काम यांत त्याचा वचपा निघतो. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे यंत्र वापरावे अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ साली केली होती, पण ती अमलात आली नाही. अशा परिस्थितीत वाडीवरचा माणूस अनोळखी पाहुण्याला खरे मत सांगेल, असे मानणे हा भोळेपणा आहे. तो सांगतो, ‘बघू, अजून ठरलं नाय.’ चाचणीवाला त्याची ‘अनिश्चित’ या रकान्यात नोंद करतो. त्याचे मत अनिश्चित नसते. ते सांगण्यात त्याला धोका असतो.

आकड्यांनी काय शिकवले?

रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा लोकसभा मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ साली पहिल्यांदा मतदानाला सामोरा गेला. त्या वेळी काँग्रेसचे नीलेश राणे यांनी शिवसेनेचे सुरेश प्रभू यांना ४६,७५० मतांनी हरवले. २०१४ साली शिवसेनेचे विनायक राऊत यांनी त्याच राणेंना १,५०,०५१ मतांनी हरवले. २०१९ साली हा फरक १,७८,३२२ वर गेला. या दोन निकालांवरून कोणीही म्हणाला असता की हा मतदारसंघ आता पक्का झाला. २०२४ साली भाजपचे नारायण राणे यांनी राऊत यांना ४७,८५८ मतांनी हरवले. पावणेदोन लाखांची आघाडी पाच वर्षांत कोठे गेली? मधल्या काळात शिवसेना फुटली, आघाड्या उलटसुलट झाल्या आणि कालचे विरोधक आजचे मित्र झाले. मागच्या आकड्यावरून पुढचा आकडा सांगणाऱ्याची येथे फसगतच होणार.

त्याही निकालात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या आमच्या जिल्ह्यातील तिन्ही विधानसभा क्षेत्रांत राऊत पुढे होते. कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी या सिंधुदुर्गातील तीन क्षेत्रांनी राणे यांना निवडून दिले. जूनमध्ये हे आकडे पाहून विधानसभेचे भाकीत करणाऱ्यांनी रत्नागिरी जिल्हा महाविकास आघाडीच्या खात्यात टाकला असता. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा रत्नागिरीत उदय सामंत, राजापुरात किरण सामंत आणि चिपळुणात शेखर निकम असे तिन्ही ठिकाणी महायुतीचे उमेदवार निवडून आले. मधे गेले होते अवघे साडेपाच महिने.

जिल्ह्याचा उत्तर भाग, म्हणजे दापोली आणि गुहागर, रायगड लोकसभा मतदारसंघात येतो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे तो याच दापोली क्षेत्रात. २०१४ साली रायगडमध्ये शिवसेनेचे अनंत गीते यांनी राष्ट्रवादीचे सुनील तटकरे यांना हरवले, ते अवघ्या २,११० मतांनी. त्याच निवडणुकीत तटकरे यांच्याच नावाचा एक अपक्ष उमेदवार उभा होता आणि त्याला ९,८४९ मते पडली. कोणत्या चाचणीने, कोणत्या पंचांगाने हे आधी सांगितले होते? नावसाधर्म्याने निकाल फिरू शकतो, ही गोष्ट गावातल्या साध्या कार्यकर्त्याला कळते, शास्त्रज्ञाच्या सूत्रात ती बसत नाही.

राज्याचे आणि देशाचे चित्रही निराळे नाही. २००४ साली ‘फील गुड’चा गजर चालला होता. वाजपेयी सरकार परत येणार असे बहुतेक चाचण्या सांगत होत्या. १३ मे २००४ रोजी पेट्या उघडल्या आणि सरकार गेले. १ जून २०२४ रोजी वाहिन्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशे ते चारशे जागा देऊन टाकल्या. ४ जूनला त्या आघाडीला २९३ आणि भाजपला २४० जागा मिळाल्या. एका चाचणी संस्थेच्या प्रमुखांना तर वाहिनीवरच रडू कोसळले. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीकडे आणि १७ महायुतीकडे गेल्या. ‘चारशे पार’ची घोषणा ऐकून संविधानाच्या काळजीने वाड्या-वस्त्यांत जे बोलणे चालले होते, ते चौकातल्या माईकपर्यंत पोहोचलेच नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महायुतीला विधानसभेत २३० च्या घरात जागा मिळाल्या, तेव्हा महायुती पुढे आहे असे सांगणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एवढा आकडा सांगता आला नव्हता.

येथे एक खुलासा करतो. चाचण्या घेणे हेच पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. मोजमाप हे विज्ञान आहे आणि विज्ञानाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. नीट निवडलेल्या माणसांना, त्यांच्या भाषेत, त्यांना भीती वाटणार नाही अशा रीतीने विचारले तर मतांच्या टक्केवारीचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पण टक्केवारीवरून जागा काढणे हे दुसरे गणित आहे. तिरंगी-चौरंगी लढतीत दोन टक्के इकडचे तिकडे झाले तर पन्नास जागांचा निकाल बदलतो. हे गणित कसे केले, कोणाला विचारले, पैसा कोणी दिला, हे न सांगता फक्त आकडा फेकणे हे विज्ञान नाही. ते गुरवाने पडलेल्या कळीचा अर्थ सांगण्यासारखेच आहे.

भाकीत हे हत्यार

या भाकितांचा सर्वांत मोठा मार कोणाला बसतो? ज्याच्याकडे पैसा नाही, वाहिनी नाही, साखर कारखाना नाही अशा पक्षाला. ‘तुमचा उमेदवार येत नाही, मत वाया घालवू नका’ हे वाक्य आंबेडकरी मतदाराने जितक्या वेळा ऐकले आहे तितके दुसऱ्या कोणी ऐकले नसेल. भाकीत आधी येते, त्यावरून पैसा आटतो, कार्यकर्ता खचतो, मतदार सरकतो आणि मग भाकीत खरे ठरते. भाकिताने निकाल सांगितला नाही, घडवला.

कायद्यालाही हा धोका कळलेला आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ साली दुरुस्ती करून कलम १२६-अ घातले गेले. मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करण्यास त्याने मनाई केली. भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मतदानाआधी महिना-दोन महिने चालणाऱ्या जनमत चाचण्यांना अशी आडकाठी नाही, आणि ‘हवा’ तयार होते ती त्याच काळात.

आमचा स्वतःचा इतिहास मात्र ‘हवे’च्या विरोधातच घडला आहे. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. अमेरिकेत ते साप्ताहिक टेलिफोनवाल्यांना कार्डे पाठवत होते तेच हे वर्ष. पुढच्या फेब्रुवारीत मुंबई प्रांताच्या निवडणुका होत्या. पक्षाला जेमतेम सहा महिने झालेले, मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला, समोर काँग्रेसची लाट. अशा वेळी उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक सर्व निवडून आले. कोकणातून शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण समाजात जन्मलेले कार्यकर्तेही याच पक्षातर्फे विधिमंडळात गेले. कुणबी कूळ आणि महार कूळ एकाच खोताच्या जाचाखाली भरडले जात होते आणि त्यांना एकत्र आणण्याचे काम निवडणुकीच्या आधी झालेले होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर धडकला. रत्नागिरीच्या माणसाने हे विसरता कामा नये. लाट मोडली ती संघटनेने, भाकिताने नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब मुंबई उत्तर मतदारसंघातून उभे होते. घटनेच्या शिल्पकाराला काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांनी १४,५६१ मतांनी हरवले. त्या निवडणुकीत ७४,३३३ मते बाद झाली होती. तो द्विसदस्य मतदारसंघ होता, प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि ती कशी द्यायची याबाबत मोठा घोळ झाला. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी या निकालाला आव्हानही दिले. पराभवाच्या फरकाच्या पाचपट मते मोजणीतून बाहेर फेकली गेली, हे आम्ही कधीही विसरू नये. लोकांचे मन कोणीकडे होते ही चर्चा आजही करता येते. पण हाती उरले ते मोजलेले मत.

१९९८ साली काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन नेते एकत्र लढले, तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चौघेही खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. २०१९ साली वंचित बहुजन आघाडी स्वबळावर लढली, राज्यात ४१ लाखांच्या आसपास मते मिळाली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातही तीस हजारांवर मते पडली. समझोता करावा की स्वबळावर लढावे, हा वाद आजचा नाही आणि तो येथे सोडवण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच की तो निर्णय आपल्या मोजणीवरून व्हावा. वाहिनीने ‘इतर’ या रकान्यात टाकले म्हणून तीस हजार मते शून्य होत नाहीत. २००९ चा निकाल आणि २०२४ चा निकाल पन्नास हजारांच्या आत लागलेला आहे. त्या हिशेबात तीस हजारांची किंमत किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यादी ज्याच्या हाती

आपल्या देशातही राष्ट्रपतिपदाची निवडणूक होते. तिचे भाकीत मात्र सहसा चुकत नाही. २०१७ साली रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार असे दोन्ही उमेदवार दलित समाजातील होते. निकाल काय लागणार हे उमेदवारी जाहीर झाली त्या दिवशीच शाळकरी पोरालाही सांगता येत होते. कोविंद यांना ७,०२,०४४ आणि मीरा कुमार यांना ३,६७,३१४ मतमूल्य मिळाले. हे भाकीत इतके सोपे का? कारण मतदार कोण आहेत, किती आहेत, कोणत्या पक्षाचे आहेत आणि प्रत्येकाच्या मताचे मूल्य किती आहे, हे सारे आधीच कागदावर असते. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५. रत्नागिरी जिल्ह्याचे पाच आमदार, म्हणजे जिल्ह्याची मते ८७५. बेरीज करा आणि निकाल सांगा. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी यांनी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांना हरवले, तसा अपवाद क्वचितच.

यातून घेण्याचा धडा सरळ आहे. ज्याच्या हाती यादी, त्याला भाकिताची गरज नाही. जी गोष्ट दिल्लीत आठशे खासदार आणि चार हजार आमदारांच्या बाबतीत होते, ती एका वाडीच्या दीडशे मतदारांच्या बाबतीत का होऊ नये?

म्हणून प्रत्येक वाडीतील कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. आपल्या केंद्राची मतदार यादी आजच आणा आणि विहारात बसून एकेक नाव वाचा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी नमुना ६ भरा. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत अडकले असेल तर नमुना ८ भरा. चाकरमान्याला विचारा की मत कोठे देणार, आणि नाव एकाच ठिकाणी ठेवा. कोणाचे नाव कारण नसताना उडाले असेल तर ते मतदानाच्या सकाळी कळून उपयोग नाही.

मागील निवडणुकीचा नमुना २० मिळवा. त्यात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली ते छापलेले असते. गावपुढारी हाच कागद पाहून तुमचा वचपा काढतो, तर तुम्ही हाच कागद पाहून आपली ताकद का मोजू नये? शेजारच्या कुणबीवाडीचे, मोहल्ल्याचे, भंडारवाडीचे आकडेही पाहा. कोणाशी बोलायला हवे ते त्यावरून कळेल. मतदानाच्या दिवशी केंद्रात आपला प्रतिनिधी शेवटपर्यंत बसला पाहिजे आणि उठताना नमुना १७-क ची प्रत त्याच्या हातात असली पाहिजे. किती मते नोंदली गेली त्याचा तो हिशेब आहे. मोजणीच्या दिवशी तो जुळवून पाहता येतो.

एवढे काम ज्या वाडीने केले तिला रात्री वाहिनीवरचे आकडे पाहून छाती धडधडण्याचे कारण उरणार नाही. उमेदवार दारात येईल तेव्हा ती विचारील, ‘आमची मते एवढी आहेत, तुम्ही आमच्यासाठी काय करणार ते बोला.’ आणि कोणी ‘मत वाया जाईल’ म्हणाला तर त्याच्यापुढे नमुना २० ठेवील.

पुढची निवडणूक कोणतीही असो, समाजबांधवांनी आणि भगिनींनी ‘कोण येणार?’ हा प्रश्न विचारणे बंद करावे. तो प्रश्न प्रेक्षकाचा आहे. बाबासाहेबांनी आपल्याला एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व दिले ते प्रेक्षक होण्यासाठी नव्हे. आपल्या केंद्रावर आपली नावे किती, त्यांतली किती पोहोचणार आणि राहिलेल्यांना कोण आणणार, हे तीन प्रश्न विचारा. यांची उत्तरे वाहिनीकडे नाहीत, ज्योतिषाकडे नाहीत आणि पाषाणाकडे तर नाहीतच. ती तुमच्या वाडीच्या यादीत आहेत.

जयभीम!